कोळशाच्या गावचा राइट आउट

श्रूझबरीहून चेस्टरकडे जाणारी गाडी गोबोवेन सोडते आणि थोड्याच वेळात एका उंच दगडी पुलावर येते. खाली केरिऑग नदीची चिंचोळी, झाडांनी भरलेली दरी. नदीच्या अलीकडे इंग्लंड, पलीकडे वेल्स. या पुलाला खेटूनच, थोड्या खालच्या पातळीवर, आणखी एक पूल आहे. त्यावरून रस्ता जात नाही, कालवा जातो. टेलफर्ड आणि जेसप या दोन इंजिनिअरांनी १८०१ मध्ये दहा कमानी उभारून पाणीच दरीपार नेलं, ते कोळसा, चुनखडी आणि लोखंडाच्या नावा चालवण्यासाठी. १८४८ मध्ये रेल्वे आली आणि तिने आपला पूल कालव्याहूनही उंच बांधला. पूल संपतो आणि लगेच चर्क स्टेशन येतं. पाट्या वेल्श आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत. फलाटाच्या मागे लाकडी फळ्या बनवणाऱ्या कारखान्याच्या चिमण्या आणि त्यांतून निघणारी पांढरी वाफ.

इथे उतरणारे बहुतेक जण किल्ला बघायला जातात. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने वेल्स जिंकल्यावर, तेराव्या शतकाच्या अखेरीस, रॉजर मॉर्टिमरने तो बांधायला घेतला. १५९५ मध्ये मिडलटन घराण्याने तो विकत घेतला. किल्ला देखणा आहे, बागा फार निगुतीने राखलेल्या आहेत. पण मी चर्कला आलो होतो तो बिली मेरेडिथसाठी.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पहिल्या महायुद्धापर्यंत ब्रिटिश फुटबॉलमध्ये त्याच्या तोडीचं नाव क्वचितच दुसऱ्या कुणाचं होतं. राइट आउटला खेळणारा, काडीसारखा सडपातळ, किंचित फेंगड्या पायांचा माणूस. तोंडात सतत दात कोरायची काडी. चेंडू घेऊन थेट कोपऱ्यातल्या निशाणापर्यंत जायचा आणि तिथून गोलसमोर अचूक क्रॉस टाकायचा. त्याच्या या कलेवर भरपूर लिहिलं गेलं आहे. मला ओढ होती ती दुसऱ्या मेरेडिथची. मैदानावर गाळलेला घाम हीसुद्धा मेहनतच आहे, तिचा दाम ठरवताना मेहनत करणाऱ्याला विचारलं पाहिजे, असं म्हणणाऱ्या आणि त्यासाठी पदरमोड सोसणाऱ्या माणसाची. ही समज त्याला खाणीने दिली अशी माझी खात्री आहे. म्हणून ती खाण जिथे होती तिथून सुरुवात करायची असं ठरवलं.

ब्लॅक पार्क ही वस्ती गावाच्या उत्तरेला. ३० जुलै १८७४ रोजी मेरेडिथ तिथे जन्मला. दहा भावंडांचं, देवधर्म काटेकोर पाळणारं मेथडिस्ट पंथाचं घर. वडील खाणीच्या वाइंडिंग इंजिनावर होते. माणसांनी भरलेला पाळणा जमिनीखाली सोडायचा आणि पाळी संपली की वर ओढून घ्यायचा, हे त्यांचं काम. हात जरा चुकला तर पाळण्यातल्या सगळ्यांच्या जिवावर बेतायचं. बिली बाराव्या वर्षी खाणीत उतरला. कोळशाच्या डब्यांना जुंपलेली लहान चणीची घोडी हाकणं हे त्याचं पहिलं काम.

आज तिथे हिरवळ आहे, काही घरं आहेत आणि ओळीने उभ्या केलेल्या गाड्या. खाण १९४९ मध्ये बंद पडली. कुत्र्याला फिरवायला निघालेले एक आजोबा भेटले. त्यांचे वडील पलीकडच्या इफ्टन खाणीत होते. तीही १९६८ मध्ये मिटली. मी कशासाठी आलोय ते सांगितल्यावर ते म्हणाले, "मेरेडिथ? तो तर आमच्या शाळेचा." जणू वर्गमित्रच. दीडशे वर्षांपूर्वी जन्मलेल्या माणसाबद्दल असं बोलणारं गाव मला लगेच आपलंसं वाटलं.

त्या शाळेचे मास्तर टी. ई. थॉमस यांचं नाव वेल्श फुटबॉलच्या इतिहासात फार आदराने घेतलं जातं. खाणकामगारांच्या पोरांना त्यांनी खेळाचा नाद लावला, पासिंग शिकवलं, शिस्त लावली, आणि त्यांतले कितीतरी जण पुढे वेल्सकडून खेळले. चर्कच्या संघाने १८८७ ते १८९४ या आठ वर्षांत वेल्श कप पाच वेळा जिंकला. शेवटच्या विजयात मेरेडिथ होता. एवढ्याशा गावाने देशाचा चषक वरचेवर घरी आणावा, हे कोल्हापुरात पेठेच्या तालमीचा संघ जिंकल्यावर जे होतं ते पाहिलेल्याला सांगायला नको. संघ पोटापाण्यासाठी नव्हता. पोटापाण्याला खाण होती. संघ गावाच्या इभ्रतीसाठी होता.

मग मी कालव्याच्या काठाने चालत निघालो. पुलावर एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला कठड्यापलीकडे थेट दरी. कालव्याचा पूल रेल्वेपुलाच्या सावलीत येतो तेव्हा वरच्या पुलावरून गाडी गेल्याचा घुमणारा आवाज पाण्यात उतरल्यासारखा वाटतो. पूल संपताच बोगदा सुरू होतो, चारशे मीटरांहून लांब. त्यात दिवे नाहीत. काठाला एक अरुंद पायवाट आणि लोखंडी कठडा. मी मोबाइलचा टॉर्च लावला. विटांच्या कमानीतून पाणी ठिबकत होतं, कठडा ओला आणि बर्फासारखा गार. पन्नासेक पावलांवर टॉर्च मुद्दाम बंद केला. पुढचं तोंड नाण्याएवढं दिसत होतं, पण पायाखालची वाट अजिबात दिसेना. हाताने कठडा चाचपत चालायला लागलो तशी चाल आपोआप बदलली. पाऊल उचलण्याआधी तळव्याने जमीन ओळखायची, शरीराचा भार मागच्या पायावर ठेवायचा. इथे निदान पुढे उजेड होता. बारा वर्षांचा मुलगा घोड्याच्या मागे रोज आठ-दहा तास याहून गडद काळोखात चालत असे.

त्याची तोंडातली काडीसुद्धा खाणीतूनच आली. कोळशाच्या खाणीत ज्वालाग्राही वायू असतो, तिथे विडी-काडी चालत नाही. म्हणून खाणकामगार तंबाखू चघळत. मेरेडिथलाही तीच सवय. मैदानावर तो तंबाखू चघळत खेळायचा, पिचकाऱ्यांनी कपडे खराब व्हायचे. कपडे धुणाऱ्यांनी तक्रार केली आणि त्याने तंबाखूच्या जागी काडी धरली, असं सांगतात. पुढे व्यंगचित्रकारांना त्याला ओळखीचा करायला एक काडी पुरायची.

१८९३ मध्ये ब्रिटनच्या खाणमालकांनी मजुरीत पंचवीस टक्के कपात मागितली. कामगारांनी नकार दिला आणि मोठमोठ्या कोळसापट्ट्यांत कित्येक महिने टाळेबंदी चालली. मेरेडिथ तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. त्याच सुमारास तो चर्कच्या जोडीला चेशरमधल्या नॉर्थविच व्हिक्टोरियाकडूनही खेळत होता. टाळेबंदी म्हणजे काय, चूल कशी थंड पडते, आणि कोण शेवटपर्यंत टिकतं, कोण कच खातं, हे ज्या वयात मनावर कोरलं जातं, त्या वयात त्याने ते पाहिलं.

१८९४ मध्ये मँचेस्टर सिटीची माणसं त्याला न्यायला चर्कला आली. गावकऱ्यांनी त्यांना सुखासुखी येऊ दिलं नाही, खाणकामगारांना दारू पाजून त्यांना शांत करावं लागलं, असं गावात सांगतात. आईचा विरोध तर स्पष्टच होता. मोठ्या शहरांनी लहान गावांत येऊन त्यांची मुलं उचलून न्यावीत हे तिला पटत नव्हतं. खेळ ही करमणूक आहे, मुलाने मान राखला जाईल असं काम करावं, असं तिचं म्हणणं. शेवटी बिली गेला, पण खाण न सोडता. २७ ऑक्टोबर १८९४ रोजी न्यूकॅसलला त्याचा पहिला सामना झाला. रात्रीच घरून निघायचं, रेल्वेने इंग्लंडच्या दुसऱ्या टोकाला जायचं, नव्वद मिनिटं धावायचं, रविवारी घरी परतायचं आणि पुन्हा कामावर. सिटी तो सामना ५-४ ने हरली. पुढच्या शनिवारी न्यूटन हीथविरुद्धही ५-२ असा पराभव झाला आणि सिटीचे दोन्ही गोल मेरेडिथचे होते. हे न्यूटन हीथ म्हणजेच १९०२ नंतरचं मँचेस्टर युनायटेड. १८९५ च्या मार्चमध्ये तो वेल्सकडून पहिल्यांदा खेळला.

चर्कहून रेक्सहॅम गाडीने पंधरा मिनिटांवर. स्टेशनाच्या अगदी पाठीला रेसकोर्स मैदान. वेल्सचा घरच्या मैदानावरचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना इथेच झाला, १८७७ च्या मार्चमध्ये, स्कॉटलंडविरुद्ध. अजून आंतरराष्ट्रीय सामने होणारं जगातलं सर्वांत जुनं मैदान म्हणून ते ओळखलं जातं. वेल्सची फुटबॉल संघटनाही १८७६ मध्ये याच गावात, विनस्टे आर्म्स हॉटेलात, आकाराला आली. दक्षिण वेल्स रग्बीचं, पण हा ईशान्येचा कोळसापट्टा फुटबॉलचा. हॉलिवूडच्या दोन नटांनी २०२१ मध्ये रेक्सहॅमचा क्लब घेतल्यापासून इथे अमेरिकन पर्यटकांची रीघ असते. मैदानाला लागून असलेल्या टर्फ नावाच्या पबात तर बसायलाही जागा नव्हती. गावात पैसा खेळतोय, दुकानं उघडी आहेत, हे पाहून बरं वाटलं.

मला मात्र ग्रेसफर्डला जायचं होतं. बसने काही मिनिटांचा रस्ता. २२ सप्टेंबर १९३४ च्या पहाटे दोनच्या सुमारास तिथल्या खाणीत स्फोट झाला आणि २६६ माणसं मेली. त्या रात्री खाणीत नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. शनिवारी दुपारी रेसकोर्सवर रेक्सहॅमचा ट्रॅनमिअर रोव्हर्सशी सामना होता, आणि तो पाहायला मोकळं राहता यावं म्हणून कित्येकांनी लागोपाठ दोन पाळ्या केल्या होत्या. आग विझेना, तेव्हा खाणीचं तोंड बंद करावं लागलं. मोजके मृतदेह वर आले, बाकी सगळे अजून खालीच आहेत. स्मारक म्हणून खाणीच्या पाळण्याचं एक चाक उभं केलं आहे. त्या चाकापाशी मी बराच वेळ थांबलो. मेरेडिथचे वडील असंच चाक चालवत असत. आणि फुटबॉलचा सामना पाहण्यासाठी माणसं कशाची किंमत मोजत होती, ते मला तिथे कळलं. तिकिटाच्या शिलिंगामागे एक पूर्ण पाळी असे. क्लबांच्या तिजोऱ्या भरणारा पैसा कुठून येत होता, हे मेरेडिथला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तो त्याच घरांतला होता.

चेस्टरला गाडी बदलून संध्याकाळी मँचेस्टर गाठलं. मराठी माणसाला हे शहर न पाहताही माहीत असतं. आपल्याकडचा कापूस इकडे यायचा आणि कापड होऊन परत जायचा. पुढे मुंबईच्या गिरण्यांचं सूत स्वस्त पडू लागलं तेव्हा हिंदुस्थानातल्या गिरण्यांना कायदा लावा म्हणून सर्वांत मोठा आवाज इथल्याच गिरणीमालकांनी केला. फुटबॉलची घडीही गिरण्यांनीच बसवली. १८५० च्या कायद्याने कापडगिरण्या शनिवारी दुपारी दोनला बंद होऊ लागल्या आणि कामगाराला अर्धा दिवस मोकळा मिळाला. त्याच मोकळ्या दुपारीतून तीन वाजताचा सामना आला. मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली ती जून १८९० मध्ये. फुटबॉलचे प्रेक्षक कामगारांच्या हक्कांतून तयार झाले, हे या शहरात फिरताना सारखं जाणवतं. खेळाडूंचे हक्क मात्र मागेच राहिले.

१९०१ पासून इंग्लंडमध्ये खेळाडूला आठवड्याला चार पौंडांहून जास्त देता येत नसे. बोनस वर्ज्य. शिवाय क्लबने नाव धरून ठेवलं की करार संपला तरी खेळाडूला दुसरीकडे जाता येत नसे. खाणकामगार निदान एक खाण सोडून दुसरीत जाऊ शकत होता. अर्थात नियम कागदावर होते आणि मोठे क्लब टेबलाखालून पैसे देत होते. मेरेडिथने पुढे स्वतःच सांगितलं की १९०२ पासून त्याला सहा पौंड मिळत होते, आणि चषक जिंकला त्या हंगामात वर बोनस म्हणून ५३ पौंड. तो चषक १९०४ चा. २३ एप्रिलला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसवर साठ हजारांहून जास्त लोकांसमोर सिटीने बोल्टनला १-० ने हरवलं. गोल कर्णधार मेरेडिथचा. तो ऑफसाइड होता असं बोल्टनचे पाठीराखे पुढे कित्येक वर्षं म्हणत राहिले.

पुढच्या वर्षी सगळं कोसळलं. हंगामाच्या शेवटच्या सामन्यात सिटी ॲस्टन व्हिलाकडे ३-२ ने हरली, आणि मेरेडिथने व्हिलाचा कर्णधार ॲलेक लीक याला सामना सोडण्यासाठी दहा पौंड देऊ केले असा आरोप झाला. फुटबॉल असोसिएशनने त्याला पूर्ण हंगामाची बंदी घातली. हे त्याने मॅनेजरच्या सांगण्यावरून केलं असं तो नंतर म्हणाला. असेलही. पण लाच देऊ करणं वाईटच, आणि त्याच्यावर कितीही माया असली तरी मी त्याला यातून सोडवणार नाही. मात्र नंतर जे झालं त्यात तो बरोबर होता असं मला वाटतं. क्लबने हात झटकले, पैसे थांबवले. तेव्हा त्याने तोंड उघडलं आणि चार पौंडांचा नियम सिटीत कसा मोडला जातो ते बाहेर आलं. १९०६ मध्ये सतरा खेळाडूंवर १ जानेवारी १९०७ पर्यंत बंदी आली, सगळ्यांना दंड झाले, मॅनेजर टॉम मॅली आणि अध्यक्ष दोघांनाही खेळातून बाहेर काढलं. एक उत्तम संघ मोडला.

बंदी संपली त्याच दिवशी, नव्या वर्षाच्या पहिल्या दुपारी, मेरेडिथ युनायटेडच्या कपड्यांत मैदानात उतरला. प्रतिस्पर्धी तेच, ॲस्टन व्हिला. त्याच्या क्रॉसवर सिटीतूनच आलेल्या सँडी टर्नबुलने सामन्यातला एकमेव गोल केला. मैदान क्लेटनमधल्या बँक स्ट्रीटचं. मी तिथे दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. आता तिथे सायकल शर्यतींच्या स्टेडियमचा वाहनतळ आहे, आणि समोरच्या एका घराच्या भिंतीवर लाल फलक. तेव्हा आसपास कारखाने होते आणि त्यांचा धूर मैदानावर पसरायचा. आज रस्त्यापलीकडे सिटीचं झगमगीत एतिहाद स्टेडियम दिसतं. जिथे युनायटेडने १९०८ मध्ये पहिल्यांदा लीग जिंकली, तिथून सिटीचं घर हाकेच्या अंतरावर. दोन्ही बाजूंनी खेळलेल्या मेरेडिथसाठी याहून योग्य कोपरा शहरात दुसरा नसेल.

आणि इथेच युनियनची गोष्ट सुरू होते. एप्रिल १९०७ मध्ये टॉमी ब्लॅकस्टॉक हा युनायटेडचा तरुण खेळाडू राखीव संघाच्या सामन्यात चेंडूला डोकं लावल्यानंतर कोसळला आणि मेला. घरच्यांना भरपाई मिळाली नाही. खाणीत माणूस मेला तर १८९७ च्या कायद्याने त्याच्या बायकामुलांचा भरपाईवर हक्क होता. मैदानावर मेला तर मालकाच्या मर्जीवर. ज्याचं बालपण ब्लॅक पार्कमध्ये गेलं त्याला हा फरक किती झोंबला असेल! २ डिसेंबर १९०७ रोजी मँचेस्टरच्या इम्पीरियल हॉटेलात खेळाडूंची सभा भरली. अध्यक्षस्थानी मेरेडिथ होता, सोबत युनायटेडचा कर्णधार चार्ली रॉबर्ट्स. मागण्या साध्या होत्या: वेतनाची मर्यादा काढा, क्लब बदलायचं स्वातंत्र्य द्या, जखमी झालेल्याची काळजी घ्या.

१९०९ च्या एप्रिलमध्ये युनायटेडने ब्रिस्टल सिटीला हरवून पहिल्यांदा एफए कप जिंकला. गोल पुन्हा टर्नबुलचा. त्याच उन्हाळ्यात असोसिएशनने फर्मान काढलं: १ जुलैपर्यंत युनियन सोडा, नाहीतर खेळणं बंद. देशभरातले बहुतेक खेळाडू नमले. त्यांना दोष द्यावासा वाटत नाही, घरं चालवायची होती. युनायटेडचे खेळाडू अडून बसले. पगार थांबला, क्लबच्या मैदानात जायची बंदी झाली, तेव्हा ते फॅलोफील्डला जाऊन सराव करू लागले. एव्हर्टनचा टिम कोलमन हा एक बाहेरचा तेवढा त्यांना येऊन मिळाला. एके दिवशी फोटोग्राफर आला आणि पोरांनी पाटीवर खडूने लिहिलं, आउटकास्ट्स एफ.सी., म्हणजे बहिष्कृतांचा संघ. तो फोटो उपलब्ध आहे. माणसं ऐटीत बसली आहेत. देशाचा चषक जिंकून जेमतेम काही महिने झाले होते आणि खिशात पैसा नव्हता.

हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर तडजोड झाली. युनियनला मान्यता मिळाली, बोनसला थोडी सूट मिळाली. मात्र देशातल्या इतर कामगार संघटनांच्या महासंघात जाता येणार नाही अशी अट पडली, आणि चार पौंडांची भिंत तशीच उभी राहिली. खेळाडूंनी ही अट मान्य केली याचं मेरेडिथला वाईट वाटलं. वर्तमानपत्रांत तो लेख लिहायचा आणि त्यांत हे पुन्हापुन्हा मांडायचा की खेळाडू स्वतःला कामगार म्हणवून घ्यायला लाजतात तोवर त्यांचं भलं होणार नाही. माझ्या मते इथेच तो त्याच्या पिढीपेक्षा वेगळा ठरतो. बाकीच्यांना खाणीतून सुटल्याचा आनंद होता. खाण त्याच्याबरोबर मैदानावर आली होती.

१९१० मध्ये ओल्ड ट्रॅफर्ड उघडलं, १९११ मध्ये आणखी एक लीग आली, मग युद्ध. १९१५ च्या गुड फ्रायडेला युनायटेड आणि लिव्हरपूलच्या काही खेळाडूंनी पैजेसाठी सामना २-० असा ठरवून खेळला. मेरेडिथ त्या दिवशी मैदानात होता पण कटात नव्हता. कुणी आपल्याला चेंडूच देत नाही हे त्याच्या ध्यानात आलं होतं. टर्नबुलवर त्या प्रकरणात आजन्म बंदी आली. मे १९१७ मध्ये तो फ्रान्समध्ये आरासच्या लढाईत मारला गेला. त्याची कबर सापडलेली नाही.

मार्च १९२० मध्ये लंडनच्या हायबरीवर वेल्सने इंग्लंडला २-१ ने हरवलं. मेरेडिथ पंचेचाळीस वर्षांचा होता. पंचवीस वर्षं तो वेल्सकडून खेळला, अठ्ठेचाळीस सामने. इंग्लंडला अधिकृत सामन्यात हरवणाऱ्या संघात तो पहिल्यांदाच होता, आणि तोच त्याचा शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला. ड्रेसिंग रूममध्ये तो रडला असं म्हणतात. १९२१ मध्ये तो सिटीत परतला आणि २९ मार्च १९२४ रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, न्यूकॅसलविरुद्ध एफए कपचा उपांत्य सामना खेळून थांबला. पदार्पणही न्यूकॅसलविरुद्धच झालं होतं. मधल्या काळात खेळाच्या सामानाचं दुकान आगीत गेलं, दिवाळं निघालं, पुढे पब चालवला. १९ एप्रिल १९५८ रोजी तो वारला. युनायटेडचे खेळाडू ज्यात गेले त्या म्युनिकच्या विमान अपघाताला तेव्हा अडीच महिने झाले होते. शहर आपल्या तरुण मुलांच्या दुःखात बुडालेलं होतं आणि म्हाताऱ्या मेरेडिथकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.

सदर्न सेमेटरी हे चॉर्ल्टनच्या बाजूचं अफाट मोठं दफनस्थान. युनायटेडचे मॅनेजर मॅट बस्बी इथेच आहेत, चित्रकार लाउरीही इथेच. मेरेडिथच्या कबरीवर कित्येक वर्षं साधी खूणही नव्हती. दगड बसला २००१ मध्ये, सिटी, युनायटेड, वेल्सची फुटबॉल संघटना आणि खेळाडूंची युनियन अशा चौघांच्या पैशांतून. तोवर युनियनने १९६१ मध्ये वेतनाची मर्यादा मोडून काढली होती आणि दोन वर्षांनी जॉर्ज ईस्टहमच्या खटल्यात क्लबांची पकडही सैल झाली होती. मेरेडिथच्या सभेत मांडलेल्या मागण्या पुऱ्या व्हायला पन्नासहून जास्त वर्षं लागली.

परतीच्या ट्राममध्ये शेजारी निळा मफलर घातलेल्या एक बाई बसल्या होत्या, सत्तरी ओलांडलेल्या. कुठून आलात विचारलं, मी सांगितलं. त्यांचे आजोबा १९२४ मध्ये सिटीच्या तेव्हाच्या मैदानावर, मेन रोडच्या उभ्या गर्दीत होते, कार्डिफविरुद्धच्या सामन्याला. त्या दिवशी ७६,१६६ लोक आले होते आणि मेरेडिथ खेळला होता. "त्याला चेंडू मिळाला की पुढच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून टाचा उंचवाव्या लागायच्या, असं आजोबा सांगायचे," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तेव्हा त्याला मिळत किती असेल हो?"

मी म्हटलं, तेव्हा हंगामातलं कमाल वेतन आठवड्याला आठ पौंड होतं, आणि सर्वांत स्वस्त तिकीट साधारण एक शिलिंग. त्यांनी पर्समधून पेन काढलं. एका पौंडाचे वीस शिलिंग हा हिशोब त्यांना तोंडपाठ होता, लहानपणी तेच चलन वापरलेलं. जुन्या पावतीच्या पाठीवर त्यांनी भागाकार मांडला: सगळे सर्वांत स्वस्त जागेवर उभे होते असं धरलं तरी त्या एका दुपारी तीन हजार आठशे आठ पौंड. त्याखाली आठ गुणिले अकरा, अठ्ठ्याऐंशी. दोन्ही आकड्यांखाली त्यांनी रेघ ओढली आणि पावती माझ्याकडे देत म्हणाल्या, "तुम्ही लिहिणार असाल तर हे लिहा."